येळवशीला डोकं दुखणारी माणसं

मांजराकाठ (लातूर) · रविवार, रात्री ११:४०

परवा येळवस झाली. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: वेळ अमावस्येला आमच्याकडं शहरं ओस पडतात, अख्खा जिल्हा शेतात असतो. कडब्याची कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड, शेंगा-भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि जेवण झालं की ज्वारीच्या कडेला आडवी झालेली माणसं.

आमच्या आबांचं त्या दिवशी डोकं दुखतं. दर वर्षी.

आबा मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते, चव्वेचाळीस वर्षं. आठ वर्षांपूर्वी मालकांनी शाल-नारळ देऊन निरोप दिला. शनिवारी सत्कार झाला आणि सोमवारी आबा दुकानात. मालकाचा मुलगा भला माणूस, त्यानं कोपऱ्यातली गादी तशीच ठेवली. हिशेब सगळा कॉम्प्युटरवर गेलाय, शेतकऱ्याची पट्टी छापून निघते, तरी आबा लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत आवक, भाव, हमाली, तोलाई सगळं उतरवून घेतात. ती वही कुणी उघडत नाही. भरली की मुलगा गुपचूप नवी आणून ठेवतो.

यंदा आबांनी भज्जी अर्धी खाल्ली, पंचा ओला करून डोक्याला गुंडाळला आणि कोपीच्या सावलीला पडले. चार वाजता उठून म्हणाले, "चला, उशीर झाला." कशाला उशीर झाला ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गादीवर टेकले आणि डोकं उतरलं.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्यामुळं आबांकडं बघताना मला बुडापेस्टचे मनोविश्लेषक शांदोर फेरेन्त्सी आठवले. १९१९ साली त्यांनी लिहून ठेवलंय की काही रुग्णांना आठवडाभर काही होत नाही, रविवार उजाडला की डोकं धरतं, पोट बिघडतं, मन उतरतं. कामाच्या दिवशी बाहेरची शिस्त आतलं सगळं दाबून ठेवते, सुट्टीला झाकण निघतं, असं त्यांचं म्हणणं. त्यातलं मनोविश्लेषण आज किती घ्यायचं ते सोडा, निरीक्षण मात्र शंभर वर्षं टिकलंय.

पुढं पन्नासेक वर्षांनी वेन ओट्स आले. अमेरिकेतल्या लुईव्हिलचे, धर्मोपदेशकही आणि मानसशास्त्राचे प्राध्यापकही. 'वर्कोहोलिक', म्हणजे कामाचं व्यसन लागलेला माणूस, हा शब्द त्यांचा, 'अल्कोहोलिक'वरून बेतलेला. १९६८ मध्ये लेख, १९७१ मध्ये पुस्तक. त्यांना आपलं काहीतरी बिघडलंय हे कळलं कसं? पाच वर्षांच्या मुलाला बापाशी बोलायचं होतं, तर पोरानं ऑफिसात भेटीची वेळ मागितली!

आता यावर मोजपट्ट्याच निघाल्यात. सगळ्यात सुटसुटीत नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाची, सेसिली शू आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांची, २०१२ ची. गेल्या वर्षभरात असं किती वेळा झालं, एवढंच विचारायचं: कामाला आणखी वेळ कसा काढता येईल याचा विचार केला, ठरवल्यापेक्षा फार जास्त वेळ कामात गेला, अपराधी वाटणं, घालमेल, उदासी घालवायला काम केलं, लोकांनी काम कमी कर म्हटलं आणि ऐकलं नाही, काम करू दिलं नाही तर तगमग झाली, छंद, विरंगुळा, व्यायाम कामापायी मागं पडला, कामानं तब्येत बिघडली. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी अशी पाच उत्तरं. सातांपैकी चारांना 'बरेचदा' किंवा 'नेहमी' आलं की तुम्ही कामाच्या व्यसनात बसता. या हिशेबानं २०१४ च्या पाहणीत नॉर्वेतले ८.३ टक्के नोकरदार बसले.

बघा, किती तास काम करता हा प्रश्नच यात नाही. मला नेमकं यावर बोलायचंय. आपल्याकडं 'कामाला वाघ आहे' म्हणतात आणि विषय संपतो. थांबता येतंय का, हे कुणी विचारत नाही.

मंगळवारी आबांना हे सात प्रश्न विचारणार आहे. तोवर तुमच्या घरातले वाघ सांगा.

---

कुंथलगिरीचा_पेढा · रविवार, रात्री ११:५२

वाचतोय. पावणेबाराला धागा काढणाऱ्या ताईंनी आधी स्वतः सात प्रश्न सोडवावेत अशी नम्र सूचना. :)

---

परभणीकर_हिंजवडी · सोमवार, सकाळी ९:१०

लेख चांगला आहे पण पटला नाही. ज्याला काम आवडतं त्याला व्यसनी म्हणायचं? मी चौदा तास कोड लिहितो ते मजा येते म्हणून. उद्या क्रिकेट बघण्यालाही व्यसन म्हणाल. २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० म्हणाले, दोन्ही वेळा सगळ्या देशानं नाकं मुरडली. परभणीत आमचे वडील पहाटे पाचला शेतात जायचे, त्यांना कुणी प्रश्नावली दिली नाही.

---

मांजराकाठ · सोमवार, दुपारी १:०५

@परभणीकर, तुमचा मुद्दा संशोधकांमध्येच भांडणाचा आहे. १९८० मध्ये मॅरिलिन मॅक्लोविट्झ यांनी अशा माणसांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा कितीतरी जण मजेत निघाले. घरचे वैतागलेले, हे खुशीत. १९९२ मध्ये जॅनेट स्पेन्स आणि ऍन रॉबिन्स यांनी त्याचे तीन धागे सोडवले: कामात किती गुंतलाय, आतून किती रेटा आहे, आणि मजा किती येते. गुंतणं आणि मजा भरपूर पण रेटा कमी, अशा माणसाला त्या उत्साही म्हणाल्या. गुंतणं आणि रेटा भरपूर पण मजा नाही, तो खरा अडकलेला.

नेदरलँड्सच्या उट्रेख्तचे विल्मार शाउफेली हेच दुसऱ्या वाटेनं सांगतात. त्यांच्या मोजपट्टीत दोन बाजू आहेत, अति काम करणं आणि करावंच लागणं. दोन्ही जास्त असल्या तरच व्यसन. तुमची मजा ते 'एंगेजमेंट'मध्ये, म्हणजे कामात रमण्यात टाकतील, व्यसनात नाही.

आणि क्रिकेटचं म्हणाल तर खरंच तसं झालंय. अर्जेंटिनाच्या टँगो नाचाचंही व्यसन असतं का, यावर २०१३ मध्ये शोधनिबंध आला. मग २०१५ मध्ये ज्योएल बिलिय आणि सहकाऱ्यांनी, आपण रोजच्या जगण्यालाच आजार ठरवत सुटलोय का, असं आपल्याच लोकांना सुनावलं. मला ते पटतं. व्यसनाचा शिक्का फार स्वस्त करू नये.

एकच विचारते, उत्तर इथं दिलं नाही तरी चालेल. लॅपटॉप घरी ठेवून तीन दिवस परभणीला जाता येतं का?

---

बालाघाटचा_गडी (बीड) · सोमवार, रात्री ९:३०

ताई, राग मानू नका, पण हे भरल्या पोटाचे आजार हायेत.

माझे माय-बाप बावीस वर्षं ऊस तोडायला गेले. एक कोयता म्हंजी नवरा-बायको दोघं, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घ्यायची आन् निघायचं, कधी सांगली, कधी कोल्हापूर, कधी पार कर्नाटकात. मी आजीपाशी. पहाटं तीनला उठून फडात, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर घेऊन गाडी भरायची. गाडीचा नंबर रात्री लागंल तवा लागंल. आजारी पडलं की खाडा, आन् खाड्याचे पैसे उलट आपल्याच अंगावर. पट्टा पडूस्तोवर, म्हंजी कारखान्याचा हंगाम संपूस्तोवर, सुट्टी न्हाई. हिशेब झाला तर उचल फिटलेली नसायची, मंग पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडं.

तुमच्या सात प्रश्नांतले पाच माझ्या मायला लागू होतात. तब्येत बिघडली का? बिघडली. विरंगुळा मागं पडला का? विरंगुळा काय असतो हेच तिला ठाव न्हाई. मंग ती व्यसनी का?

---

लेंडीकाठ · सोमवार, रात्री ९:४८

बप्पा, +१००. हे धाग्यात यायलाच पाहिजे होतं.

---

मांजराकाठ · सोमवार, रात्री १०:२०

दादा, राग कशाला. नाही, तुमची आई व्यसनी नाही, आणि हे निदान माझं एकटीचं नाही.

कामाचं व्यसन हा आजार म्हणून ना जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, ना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकात. पण डीएसएममध्ये एका व्यक्तिमत्त्व विकाराचं वर्णन आहे, अतिनेटकेपणाचा, सगळं आपल्याच ताब्यात हवं असणारा. त्याच्या लक्षणांत एक असं आहे की माणूस कामात इतका बुडतो की विरंगुळा आणि मैत्री दोन्ही जातात. त्याला जोडून कंसात अट घातलीय: उघड आर्थिक गरजेपोटी असेल तर हे धरायचं नाही.

त्या एवढ्याशा कंसात तुमचे माय-बाप आणि अख्खा बालाघाट आहे. मी हे वर्गात दर वर्षी शिकवते आणि कंसावरून भरभर पुढं जाते. तुम्ही तिथं थांबवलंत.

तरी संशोधनाची एक बाजू लंगडी आहे, ते मान्य. या मोजपट्ट्या बहुतेक नॉर्वे, नेदरलँड्स, अमेरिका, जपान इथल्या पगारी माणसांवर बेतल्यात. 'काम करू दिलं नाही तर' हा प्रश्नच मुळी ज्याला काम न करण्याची मुभा आहे त्याला विचारायचा.

---

डॉ_अर्धवेळ (छ. संभाजीनगर) · सोमवार, रात्री ११:१५

मी मनोविकारतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. वरच्या वादात एक गोष्ट जोडतो. हृदयाला तुमचा हेतू कळत नाही, फक्त तास कळतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून अंदाज दिला: २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यू लांब कामाच्या तासांशी निगडित पक्षाघात आणि हृदयविकारानं झाले. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला ३५-४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के जास्त. यात ऊसतोडही आली, हिंजवडीही.

अवांतर: १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे फ्रीडमन आणि रोझेनमन हे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराच्या लक्षात आलं की कापड पुढच्या कडेलाच झिजलंय, पाठीकडं कोरं. रुग्ण टेकून बसतच नव्हते, उठायच्या तयारीत टोकावर बसायचे. पुढं 'टाइप ए' स्वभावाची, म्हणजे सतत घाईत आणि चढाओढीत असणाऱ्या माणसाची, मांडणी या दोघांनीच केली. हृदयविकाराशी त्याचं नातं नंतरच्या अभ्यासांत बरंच पातळ झालं, पण मी तेव्हापासून माझ्या खुर्च्या बघतो. आमच्याकडं त्या प्लॅस्टिकच्या आहेत, काही कळत नाही.

---

रिपीटर_पुन्हा · मंगळवार, पहाटे २:०५

नमस्कार. मी लातूरमध्ये नीटची तयारी करतो, दुसरा अटेम्प्ट. गाव हिंगोली जिल्ह्यात. कामाचं माहीत नाही पण तुमच्या प्रश्नांत 'काम'च्या जागी 'अभ्यास' टाकला तर माझे सहा येतात.

मेसमध्ये जेवताना घड्याळ बघतो. चपाती संपायला अकरा मिनिटं लागली तर वाटतं, यात चार एमसीक्यू झाले असते. दिवाळीत घरी गेलो तर मायनं तेल लावलं आणि मी डोळे मिटून मनात एनसीईआरटीची पानं उलटत होतो. मित्र म्हणतात तू टॉप मारशील. पण मागच्या चार टेस्टमध्ये मार्क कमी होत चाललेत. तास वाढवलेत तरी.

---

मांजराकाठ · मंगळवार, सकाळी ६:४०

बाळा, आधी एक सांगते, दोनला जागा असणाऱ्यानं 'तास वाढवलेत तरी' नाही, 'वाढवलेत म्हणून' लिहायचं.

तू केलास तो शब्दांचा बदल पोलंडमधल्या एका माणसानं खरंच केलाय. ग्दान्स्क विद्यापीठाचे पावेल अत्रोश्को. बर्गनच्या मंडळींबरोबर त्यांनी 'काम'च्या जागी 'अभ्यास' घालून मोजपट्टी केली आणि नॉर्वे-पोलंडच्या विद्यार्थ्यांना लावली. ज्यांचे आकडे जास्त, त्यांची झोप खराब, ताण जास्त. पुढं तीच मुलं नोकरीला लागल्यावर पुन्हा गाठली, तेव्हा अभ्यासाचं व्यसन आणि कामाचं व्यसन यांचा संबंध दिसला. फार घट्ट नाही, पण दिसला.

लातूर पॅटर्नचं मला कौतुक आहे, मी त्यातूनच शिकले. पण आपण मुलांना थांबायचं कसं याचा एकही तास घेत नाही. तू कॉलेजच्या वेळेत मला व्यक्तिगत संदेश कर. लातूरमध्येच आहेस, भेटायला ये. आणि घरी फोन कर, मायला सांग नुसतंच तेल लाव म्हणून.

---

कुंथलगिरीचा_पेढा · मंगळवार, सकाळी ७:३०

@रिपीटर, भाऊ, एखाद्या रविवारी आमच्याकडं ये. खवा आटताना बघत बसायचं, दुसरं काही करायचं नाही. पेढा फुकट.

---

तुळजापूरची_सून · मंगळवार, दुपारी ३:२०

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

आमचे हे सरकारी नोकरीत आहेत, खातं सांगत नाही. रात्रीचं जेवण फोन उजव्या मांडीवर ठेवून. सासऱ्यांच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे, आणि हे झाडामागं जाऊन कुणाला तरी तक्ता पाठवत होते. कावळा लवकर शिवेना तर मोठे दीर म्हणाले, "आण्णा वाट बघायलेत, ह्याला बोलवा." आले, हात जोडले, कावळा आला. ते पुन्हा झाडामागं.

मुलगी दहा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिनं यांच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर 'साहेब' नावानं सेव्ह केला. साहेबांचा फोन हे पहिल्या रिंगला उचलतात. तीन दिवस तिचं काम झालं. चौथ्या दिवशी खऱ्या साहेबांचा फोन आला, यांना वाटलं पोरीचा आहे, नंतर बघू, आणि घरात जे झालं ते लिहीत नाही.

ओट्सच्या मुलाचं वाचून रात्री झोप लागली नाही.

---

डॉ_अर्धवेळ · मंगळवार, दुपारी ४:१०

ताई, मुलीचं फार लागलं.

यावर सगळ्यात जास्त काम ब्रायन रॉबिन्सन यांनी केलंय, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, शार्लट. अशा घरांत वाढलेल्या, आता मोठ्या झालेल्या मुलांत त्यांना उदासी आणि चिंता जास्त आढळली. दारुड्याच्या मुलाची लोक कीव करतात, कामवेड्या बापाच्या मुलाला म्हणतात नशीबवान आहेस. मुलाला तक्रार करायला जागाच राहत नाही. रॉबिन्सन यांचे वडील पिणारे होते. स्वतः रॉबिन्सन सुट्टीला जाताना कामाचे कागद लपवून नेत, आणि बाप बाटली लपवायचा तसंच हे, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

---

लेंडीकाठ · मंगळवार, संध्याकाळी ५:००

म्हणजे ओट्सही तसलेच, रॉबिन्सनही तसलेच? ज्याचं जळतं त्याला कळतं.

---

मांजराकाठ · मंगळवार, संध्याकाळी ५:४५

आणखी एक घ्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या मलिसा क्लार्क. २०१६ मध्ये त्यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून चाळले. कामाच्या व्यसनाचा संबंध परिपूर्णतेच्या हट्टाशी आणि टाइप ए स्वभावाशी निघाला. कर्तव्यदक्षतेशी निघालाच नाही. म्हणजे आपण ज्याला 'किती जबाबदार माणूस' म्हणतो ते वेगळंच काही असतं. त्याही स्वतःला यातून सावरणारी म्हणवतात.

@तुळजापूरची_सून, बर्गनच्या मंडळींनी २०१६ मध्ये १६,४२६ नोकरदार तपासले. व्यसनात बसणाऱ्यांपैकी ३३.८ टक्क्यांत चिंताविकाराची लक्षणं होती, बाकीच्यांत ११.९ टक्के. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, ३२.७, बाकीच्यांत १२.७. आधी कोण, मागून कोण हे अशा पाहणीतून कळत नाही. पण 'सवयच आहे त्यांची' म्हणून सोडू नका. भांडणाच्या दिवशी नको, बऱ्या दिवशी डॉक्टरकडं न्या, झोपेची तक्रार सांगून न्या. पुरुष झोपेसाठी येतात.

---

परळीच्या_काकू · मंगळवार, रात्री ८:१५

सगळा धागा वाचला. ओट्स झाले, रॉबिन्सन झाले, आबा झाले. बाईचं काम कुठं मोजलं? सरकारच्या २०१९ च्या वेळ-पाहणीत घरकाम करणारी बाई त्याला दिवसाला २९९ मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष ९७. तुमच्या प्रश्नावलीत काम म्हणजे ऑफिस. येळवशीच्या आदल्या रात्री भज्जीसाठी शेंगा सोलत बसलेल्या बाईचं डोकं दुखत नाही का? दुखतं, पण ती पंचा बांधून कोपीत पडली तर वाढणार कोण?

मांजराकाठ ताई, आबांचं एवढं लिहिलंत. आईचं काय?

---

मांजराकाठ · मंगळवार, रात्री ८:४०

काकू, लागलं. आई त्या दिवशी तीनला उठली होती, आणि आबांचा पंचा तिनंच ओला करून दिला.

---

तेरचा_कारागीर · मंगळवार, रात्री ९:३०

आमच्या गावचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. गोरोबाकाका माती तुडवता तुडवता इतके तल्लीन झाले की स्वतःचं लेकरू पायाखाली आलं ते कळलं नाही. सगळे याला भक्तीची गोष्ट म्हणतात. मी मूर्ती करतो, चिखल मीही तुडवतो. गोष्ट ऐकली की मला दर वेळी त्या बाईचं वाटतं, जी लेकराकडं लक्ष द्या सांगून पाण्याला गेली होती.

---

परभणीकर_हिंजवडी · मंगळवार, रात्री १०:००

पण काकांचं मन मातीत नव्हतं, विठ्ठलात होतं. मग हे कामाचं व्यसन कसं?

---

तेरचा_कारागीर · मंगळवार, रात्री १०:०४

लेकराला काय फरक पडला, दादा?

---

बालाघाटचा_गडी · मंगळवार, रात्री १०:५०

ताई, त्या कंसाचं दिवसभर डोक्यात होतं. एक अजून इचारतो.

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर हाय. पाच वर्षं झाली, माय-बापाला कारखान्याला जाऊ देत न्हाई. उचल फिटली, घर बांधलं, बापूंना पेन्शन योजनेचं थोडं येतं. आता गरज न्हाई, म्हंजी तुमचा कंस संपला. तरी बापू पहाटं तीनला उठून अंगणात बसतात. दसरा झाला की कोयत्याला धार लावतात. माय तर बसतच न्हाई, फरशीतल्या फटीतलं गवत खुरप्यानं काढती. मी म्हनलं बस की माय, तर म्हनली, "बसलं की छातीत धडधड होती रं."

बाहेरची सक्ती इतकी वर्षं राहिली की ती आत जाऊन बसती का?

---

मांजराकाठ · मंगळवार, रात्री ११:२५

दादा, याचं उत्तर एकाही मोजपट्टीत नाही. त्यातलं दर्दभरं एवढंच की 'काम करू दिलं नाही तर तगमग' या प्रश्नाला तुमची आई आता खरंच बसते, आणि पाच वर्षांपूर्वी बसत नव्हती. काम तेच, अर्थ बदलला. धडधडीचं मात्र हृदयतज्ज्ञांना दाखवा, मनाच्या आधी छाती. डॉक्टर?

---

डॉ_अर्धवेळ · मंगळवार, रात्री ११:३१

हो. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन. ऊसतोडीच्या बायकांत रक्त कमी असणं मी फार बघितलंय. ते नीट असेल तर मग पुढचं. आणि खुरपं काढून घेऊ नका.

---

मांजराकाठ · बुधवार, रात्री ९:१०

आबांना काल विचारता आलं नाही, दुकानातून उशिरा आले. आज जेवणानंतर विचारलं. जसंच्या तसं देते.

कामाला आणखी वेळ कसा काढता येईल, याचा विचार केला का? "काढायचा कशाला, आहेच की सगळा."

ठरवल्यापेक्षा जास्त वेळ कामात गेला? "ठरवतंय कोण?"

मन उदास असलं की ते घालवायला काम केलं का? यावर थांबले. पान लावत होते, चुना बोटावर तसाच. म्हणाले, "तुझा भाऊ गेला तवा तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो होतो. मालक म्हणाले घरी जा. मी म्हनलं, मालक, इथं बसू द्या." मग पान खाल्लं. मी 'नेहमी'वर खूण केली.

लोकांनी कमी करा म्हटलं आणि ऐकलं नाही? आई स्वयंपाकघरातून: "लिही, नेहमी."

करू दिलं नाही तर तगमग? "कोण मना करतंय?" येळवशीचं काढलं तर म्हणाले ते उन्हानं.

छंद? "मला कसला छंद." आई पुन्हा: "लग्नाआधी भजनात पखवाज वाजवायचे." मला हे माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांची झाले मी.

तब्येत? "चांगलीय."

सातांपैकी चार. बसतात. आणि वहीचं काय करायचं ते मला अजून समजत नाही. ती काढून घेतली तर आबांचं काय होईल, हे मला कुठल्या संशोधकाला विचारायचं नाही.

---

परळीच्या_काकू · बुधवार, रात्री ९:३५

पखवाज अजून घरात आहे का?

---

मांजराकाठ · बुधवार, रात्री ९:४०

माळ्यावर. आईनं सांगितलं. पुडी फाटलीय म्हणे.

---

तेरचा_कारागीर · बुधवार, रात्री ९:५५

पुडी बसवून देणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. वाद्य इकडं पाठवा.

---

लेंडीकाठ · बुधवार, रात्री १०:१२

अवांतर, माफ करा: घरात चाळीस कट्टे सोयाबीन पडून आहे. ठेवावं का विकावं, आबांना विचारून सांगता का?

---

मांजराकाठ · बुधवार, रात्री १०:२०

विचारलं. म्हणाले, "असलं फोनवर सांगत नसतात. सकाळी दुकानावर ये म्हणावं. नमुना घेऊन. मी साडेसहापासून असतो."